विसरलेली तांबी : काढताना काय झालं, ते लिहा

मी 56 वर्षांची, नौपाड्यात राहते. धाकटीनंतर, 1999 साली, तांबी (मूल राहू नये म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी) बसवली. ती दहा वर्षं चालणारी होती. कार्ड हरवलं, तारीख विसरले. पाळी गेल्यावर वाटलं, आता राहिली काय नि गेली काय. गेल्या वर्षी अचानक अंगावरून लाल जायला लागलं. डॉक्टरांना तांबीचा दोरा दिसेना. सोनोग्राफीत कळलं, पिशवी आकसलीय आणि तांबीचा एक हात भिंतीत रुतलाय. भूल देऊन दुर्बिणीतून काढली. संध्याकाळी घरी आले, पण अस्तराचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्ट चांगला येईपर्यंत घास उतरत नव्हता. पाळी गेली तरी तांबी काढायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून विचारतेय.

ऐरोलीहून
माझी आई 76 वर्षांची. कंबरेचा एक्स-रे काढला तर ओटीपोटात नागमोडी काहीतरी दिसलं. डॉक्टर म्हणाले, ही जुनी लूप, म्हणजे तांबीच्या आधी बसवायचे ती. आई आधी गप्प. मग म्हणाली, "तुझ्या पाठच्या भावानंतर गावाकडं बसवलेली. काढायला या, असं कोण म्हणालंच नाही." पन्नास वर्षं! पिशवीचं तोंड मऊ व्हायला आधी गोळी दिली, मग काढली. अख्खी निघाली. ट्रेमधली बघून आई म्हणाली, "एवढीशीच होती?" मला रडू आलं.

वाशीहून
पहिल्या ठिकाणी जोरात ओढली, दोरा तुटला. मी ओरडले तर "दोन बाळंतपणं झाली ना, मग?" त्या बोलण्यामुळे वर्षभर कुठे गेलेच नाही. दुसऱ्या बाईंनी आधी सोनोग्राफी केली, सुन्न केलं, प्रत्येक वेळी सांगून हात लावला.

कोपरखैरणेहून
बाळंतपणानंतर लगेच बसवलेली, दोरा वर गेला होता. ओपीडीतच बारीक हुकाने पाच मिनिटांत निघाली. पाळीसारखी कळ आली, बस.

कळव्याहून
मी नर्स आहे. तांबीचे प्रकार असतात: 380 ए दहा वर्षं चालते, 375 पाच वर्षं. बसवल्याची तारीख घरातल्या अजून एकीला सांगून ठेवा. दोरा बोटाला लागला तरी स्वतः ओढू नका. आणि पाळी जाऊन वर्ष झालं असेल तर त्रास नसला तरी दाखवा.

तुर्भ्याहून
हे सगळं आत्ता सासूबाईंना वाचून दाखवलं. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझी पण आतच आहे गं." सोमवारी घेऊन जातेय.