प्रतिसाद: शेवटचं वर्ष कसं बसवायचं?

शेवटच्या वर्षात प्रोजेक्ट, प्रवेश परीक्षा, नाटक आणि गड, सगळंच हवंय असं तू लिहिलंयस. वर उत्तर दिलेल्या दोघांनी 'फक्त अभ्यास कर' म्हटलंय, ते मला पटत नाही. पण कॅलेंडर आधी भिंतीवर लाव. एमबीएसाठीची कॅट नोव्हेंबरच्या शेवटाला, एमटेकसाठीची गेट आणि एमएस्सीसाठीची जॅम फेब्रुवारीत, आणि फॉर्म मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद होतात. माझ्या एका मित्राचा जॅमचा फॉर्म गणपतीच्या गडबडीत राहिला आणि वर्ष गेलं.

प्रोजेक्टचं म्हणशील तर कॉलेजचं पत्र घेऊन नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत जुलैतच जा. मी दिवाळीनंतर गेलो. एका कारखान्यात तीन वेळा गेटवरच बसवून ठेवलं, शेवटी घरबसल्या कसाबसा विषय उरकला. व्हायव्हाला काय झालं ते विचारू नकोस!

नाटक पहिल्या सत्रात संपव. तालमी रात्री दहापर्यंत चालतात आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला डोळे मिटतात, हे अनुभवाचे बोल. अभ्यासाला घरी जमत नसेल तर सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं.

गड? अंजनेरी किंवा रामशेज, रविवारी पहाटे निघायचं, दुपारी जेवायला घरी. पावसाळा संपता संपता जा. हरिहर मात्र परीक्षेनंतरच, त्या उभ्या पायऱ्यांवर पाय मुरगळला तर सबमिशन कोण करणार?

आणि हो, बॅकलॉग, म्हणजे आधीचे राहिलेले विषय, आहे का ते लिहिलं नाहीस. असेल तर हे सगळं बदलतं.