मदत हवी आहे: जहाजबुडीच्या लेखकाला स्टेजवर काय आणि कसं विचारू?

नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी एका लेखकांशी तासभर गप्पा मारायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय ‘एसेक्स’ जहाज. अमेरिकेतल्या नॅन्टकेट बेटाचं हे देवमाशांच्या शिकारीचं जहाज 20 नोव्हेंबर 1820 रोजी पॅसिफिकमध्ये एका देवमाशानेच धडका देऊन फोडलं. (शिकार्‍याचीच शिकार!) 20 माणसं तीन होड्यांत उतरली, वाचली आठच.

अडचण अशी आहे. बेटं तुलनेने जवळ होती, पण तिथे नरभक्षक असतील या धास्तीने त्यांनी दूरच्या दक्षिण अमेरिकेची वाट धरली. आणि शेवटी मेलेल्या सोबत्यांचं मांस त्यांनाच खावं लागलं. एका होडीत तर कोणी मरायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या, आणि नाव निघालं कप्तान पोलार्डच्या कोवळ्या मावसभावाचं. हे लोकांसमोर कसं काढायचं? सुरुवातीलाच विचारलं तर सनसनाटी वाटेल, टाळलं तर मुख्य गोष्टच राहिली म्हणतील. समोर शाळकरी मुलंही असणार.

मला मात्र छळतोय तो तपशील वेगळाच. समुद्राच्या पाण्याने भिजलेली बिस्किटं त्यांनी वाळवून खाल्ली. पाणी उडालं, मीठ राहिलं, तहान आणखी भडकली. इथून सुरुवात करू का?

कुणी अशा मुलाखती घेतल्या असतील तर सांगा: प्रश्न लेखकांना आधी पाठवता का? आणि श्रोत्यांतलं कुणी नको ते खोदून विचारायला लागलं तर कसं आवरता?