पहिली जुनी गाडी: पाना आपण धरायचा की गॅरेजला द्यायची?

रिझर्व्हवर (पुणे)

मार्चमध्ये मी आयुष्यातली पहिली मोटारसायकल घेतली. २०१२ ची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग म्हणजे कार्बोरेटर), किक मारायची. मी तिचा तिसरा मालक. मीटरवर ३८ हजार किलोमीटर दिसत होते, पण मीटरची केबलच तुटलेली, त्यामुळे त्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. बावीस हजारांना सौदा झाला.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. सकाळी निघालं की चौकापर्यंत झटके, मग बंद. चोक ओढ, चोक सोड, आठ-दहा किका, मग कशीबशी सुरू. कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली. कार्बोरेटर साफ केला, साडेतीनशे रुपये. चार दिवस बरी, पुन्हा तेच. प्लग बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, "आता कार्बोरेटरच नवा टाकू."

ते ऐकून घरी आलो आणि चिडून स्वतःच खाली बसलो. कार्बोरेटरच्या वाटीला खाली एक छोटा स्क्रू असतो. तो ढिला केला की वाटीतलं पेट्रोल नळीवाटे बाहेर येतं. ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं आणि बाटली बल्बसमोर नेली. तळाशी बोटभर वेगळा थर. पाणी! टाकीच्या झाकणाचं रबर वाळून चिरलं होतं, गाडी रात्री उघड्यावर, पाऊस थेट टाकीत. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. थोडं पाणी ते पोटात घेतं, प्रमाण वाढलं की पाणी इथेनॉलसकट तळाशी बसतं, आणि कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ) पेट्रोल घेतो तळातूनच.

गॅरेजवाल्याने फसवलं असं माझं म्हणणं नाही. त्याने साफ केलं तेव्हा गाडी खरंच चालली. पण त्याच्याकडे गाडी जायची दुपारी, छपराखाली. पावसाच्या रात्रीनंतरच्या सकाळीच ती रुसते हे फक्त मला दिसत होतं, आणि ही सांगण्याजोगी गोष्ट आहे एवढीही अक्कल मला नव्हती.

म्हणून माझं मत: पहिलीच गाडी, तीही जुनी, घेतली असेल तर पहिलं वर्षभर साधी कामं स्वतः करावीत. ऑईल, एअर फिल्टर, प्लग, चेन, ब्रेक, केबली, जमलं तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावणं. गॅरेज नंतर आहेच. तुम्हाला काय वाटतं?

मेस्त्री_कराड

साहेब, पाण्याचं शोधून काढलंत, मान्य. आमच्या धंद्यातल्या त्या माणसाने पहिल्याच वेळी टाकीचं झाकण उघडून बघायला हवं होतं. पण तुमच्या यादीवर माझा आक्षेप आहे.

तेवीस वर्षं गॅरेज चालवतोय. अलीकडे सोमवारी सकाळी येणाऱ्या गाड्यांपैकी दोन-तीन तरी रविवारी मोबाईलवर व्हिडिओ बघून खोललेल्या असतात. गेल्याच महिन्यातली सांगतो. ऑईल बदलायचं म्हणून पोराने इंजिनच्या चेंबरखालचा बोल्ट काढला. काढताना ठीक. बसवताना ऑईल गळू नये म्हणून सतराच्या पान्यावर पाय देऊन उभा राहिला. बोल्ट लोखंडाचा, चेंबर अॅल्युमिनियमचं, कोणाचे आटे जाणार? वॉशर नवा टाकला असता तर पायाची गरजच नव्हती. चेंबर उतरवून लेथवर नेलं, नवे आटे पाडून आणले. शंभर रुपयांच्या मजुरीचे चौदाशे झाले.

आणि टॅपेट? ते तर यादीतून काढाच. मॅग्नेटवरची (इंजिनबरोबर फिरणाऱ्या चाकावरची) टी खूण झाकणाच्या खिडकीत दोनदा येते. एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. फट लावायची ती कॉम्प्रेशनलाच. नवा माणूस खूण दिसली की लागतो नट ढिले करायला. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने हलतायत का, हे बघायचं असतं ते व्हिडिओत सांगितलेलं असतं, पण तो भाग पुढे ढकललेला असतो. त्यात इंजिन गरम. शंभर सीसीला फट किती, तर ०.०५ मिलिमीटर. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नाही, अंदाजाने आवळतात. आवाज एकदम बंद होतो आणि माणूस खूश. अहो, टॅपेट थोडा वाजला तर काही होत नाही. अगदी गप्प झाला तर भ्यायचं! व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो. मग येतात, "पिकअप गेला, किक हलकी लागते" म्हणत.

अनघा_मिरज

दोघांनाही एक विचारते. ही कामं करायची कुठे?

मी तिसऱ्या मजल्यावर राहते. खाली सोसायटीचं पार्किंग, त्यात माझ्या वाट्याला खांबाशेजारची अडीच फूट जागा. मागच्या वर्षी एकाने तिथे ऑईल काढलं, फरशीवर डाग पडला, सेक्रेटरींनी फळ्यावर नोटीस लावली. ती अजून आहे. काळं ऑईल त्याने कशात ओतलं ते विचारू नका, पावसाच्या पाण्याच्या जाळीत.

मी रोज जाऊन-येऊन छप्पन्न किलोमीटर चालवते, जुनीच गाडी, दुसरी मालकीण. रविवार एकच असतो आणि त्याच्यावर हक्क सांगणारे बरेच असतात. 'हात काळे करण्यातली मजा' वगैरे रिझर्व्हवर यांनी लिहिलं नसलं तरी त्यांच्या लिखाणाला तो वास आहेच. 😀

मात्र मेस्त्रींनाही सांगते. मी एकटी गेले की मला निघणारं बिल आणि भाऊ बरोबर असला की निघणारं बिल यात फरक पडतो. नाव घेत नाही, पण दोन गॅरेजांत अनुभवलाय. म्हणून मी पाना न धरता शिकले. चेन किती सैल हवी ते शिकले (माझ्या गाडीला मधोमध वर-खाली साधारण पंचवीस मिलिमीटर). मागच्या ब्रेकच्या ड्रमवर बाण आणि खूण असते, ब्रेक दाबल्यावर बाण खुणेला टेकला की लायनर संपले, हे शिकले. आणि एक वाक्य शिकले: "जुना पार्ट पिशवीत घालून द्या." त्या वाक्याने माझे जेवढे पैसे वाचले तेवढे पान्यांच्या सेटने वाचले नसते.

श्टुटगार्टकर

इथे जर्मनीत मजुरीचा तासाचा दर ऐकूनच माणूस पाना हातात घेतो. मीही घेतला. पण एक फरक आहे. इथे मोटारसायकलला दर दोन वर्षांनी सक्तीची तपासणी आहे. ब्रेक, दिवे, टायर, चेन, स्टिअरिंगचं बेअरिंग, सगळं बघतात, नापास झाली तर दुरुस्त करून पुन्हा न्यायची. म्हणजे मी घरी चूक केली तरी कधीतरी तिसरा माणूस बघणार आहे.

आपल्याकडे खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची. तोवर पीयूसी सोडली तर कोण बघतं? धूर तपासणारा ब्रेक बघत नाही. अशा ठिकाणी नवशिक्याला ब्रेक खोलायला सांगणं मला धोक्याचं वाटतं. मेस्त्रींच्या बाजूने.

रिझर्व्हवर

श्टुटगार्टकर, मग गॅरेजने केलेलं काम तरी कोण तपासतं? तेही तपासणीविनाच रस्त्यावर येतं. माझ्या गाडीचा पुढचा एक्सल नट मी घेतली तेव्हा हाताने फिरत होता. तो कुठल्या नवशिक्याने सोडला नव्हता, मागचा मालक दरवेळी गॅरेजलाच द्यायचा.

टॅपेटबद्दल मेस्त्रींचं ऐकलं. खोटं कशाला बोलू, पुढच्या रविवारी तेच करणार होतो. फिलर गेज आणलाय, पण आता कुणासमोर तरी करेन. अनघाताई, जागेचं म्हणणं पटलं. मी बैठ्या घरात भाड्याने राहतो, पुढे अंगण आहे, हे लिहायला हवं होतं.

वाचनमात्र

पाना कुणाचा यावर भांडा खुशाल. गाडी नावावर झाली का?

फॉर्म २९ आणि ३० भरलेत का? विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय, गाडी प्रत्यक्षात विकलेली असली तरी. म्हणजे तुमच्या हातून काही झालं तर नोटीस त्या दुसऱ्या मालकाच्या दारात.

रिझर्व्हवर

...नाही झाली. उद्या जातो.

कट्टा_४७

सगळे कार्बोरेटरवर अडकलेत. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ (धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम) आलं, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्या आता जुन्या बाजारात यायला लागल्यात. आज पहिली सेकंडहँड घेणाऱ्या पोराने वाटीचा स्क्रू शोधायचा तरी कुठे? इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर जोडायचा, कोड वाचायचा, सेन्सर बदलायचा. घरी शिकण्याचे दिवस गेले. कोपऱ्यावरच्या गॅरेजचेही गेले, खरं सांगायचं तर.

मेस्त्री_कराड

ओ कट्टा, आमचे दिवस मोजू नका. स्कॅनर माझ्याकडे आहे. पण इंजेक्शनच्या गाडीलाही चेन आहे, ब्रेक शू आहेत, क्लचची केबल आहे, कोन सेट (हँडलचं बेअरिंग) आहे. माझ्याकडच्या दहातल्या आठ कामांना स्कॅनर लागत नाही.

आणि ब्रेकवरून आठवलं. मागच्या पावसात एक काका आले, "ब्रेक लागतच नाही." ड्रम उघडला तर आत लायनर ऑईलने थबथबलेले. ब्रेक कुईकुई वाजतो म्हणून त्यांनी ऑईल सोडलं होतं. आवाज गेला होता, हे मात्र खरं! वय पासष्ट, निवृत्त हेडमास्तर. रागवायचं तरी कसं.

दुसरं ऑईलचं. चारचाकीचं उरलेलं ऑईल मोटारसायकलमध्ये घालणारे महाभाग आहेत. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑईलमध्ये फिरतो. चारचाकीच्या ऑईलमध्ये घसरपणा वाढवणारं काही असतं, त्याने क्लच प्लेटा सुटतात. इंजिन ओरडतं आणि गाडी चढावर जागची हलत नाही. डब्यावर जेएएसओ एमए (ऑईलमध्ये फिरणाऱ्या क्लचला चालणाऱ्या ऑईलची खूण) लिहिलंय का बघा, नसेल तर घालू नका. शंभर सीसीला नऊशे मिलीचा डबा येतो तो याच कामाचा.

अनघा_मिरज

मेस्त्री, तुम्ही 'शिकू नका' म्हणत म्हणत सगळ्यांना शिकवताय, लक्षात येतंय का?

मेस्त्री_कराड

ताई, शिकण्याला कोण नको म्हणतंय. एकट्याने, पहिल्यांदा, रस्त्यावर चालणाऱ्या गाडीवर शिकू नका म्हणतोय. माझ्याकडचं पोरगं सहा महिने नुसते पार्ट डिझेलने धुतं. कुठला बोल्ट कुठला, कुठला किती लांब, हे हाताला कळलं की मग पाना देतो. चेंबरच्या झाकणाचे स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तळाला टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला, झाकण मात्र सैलच. हे पुस्तकात कळत नाही.

रिझर्व्हवरसाहेब, कराडला आलात तर रविवारी दुपारी बारापर्यंत गॅरेज उघडं असतं. तुमचा टॅपेट तुम्हीच सेट करा, मी स्टुलावर बसून बघतो. पैसे घेणार नाही, चहा घेईन. काळं ऑईल साठलं असेल तर कॅनमध्ये घेऊन या. माझ्याकडे बॅरल आहे, ते नेणारा महिन्याने येतो.

श्टुटगार्टकर

माझं मत बदललं नाही. घरी ब्रेक खोलू नका. मेस्त्रींच्या स्टुलासमोर खोला.

पेठेतला

मूळ मुद्द्यावर येतो. रिझर्व्हवर, ते टाकीच्या झाकणाचं रबर नाना पेठेत मिळालं का? माझ्याही गाडीचं गेलंय.

रिझर्व्हवर

चार दुकानं फिरलो. नुसतं रबर कुणी देईना, अख्खं झाकण घ्या म्हणाले. घेतलं. त्यामुळे आता इग्निशनची चावी वेगळी, पेट्रोलची वेगळी. काल पंपावर रांगेत उभा राहून नंबर आल्यावर कळलं, पेट्रोलची चावी घरी.