भाड्याच्या खोलीतील छुपे कॅमेरे : आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ब-५०२ : नमस्कार. माझी मुलगी सोमवारी पुण्यात भाड्याच्या खोलीत राहायला जात आहे. छुपा कॅमेरा शोधून देणाऱ्या अॅपचा जो संदेश काल येथे आला, त्यावर कितपत विसंबावे?

अ-२०३ : ताई, तो संदेश मी न तपासताच पुढे पाठवला होता, क्षमस्व. क-१०१ च्या काकांनी कृपया सांगावे.

क-१०१ : अशी बरीच अॅप्स त्याच वाय-फायवरील उपकरणे तेवढी दाखवतात, मेमरी कार्डावर चित्रण साठवणारा कॅमेरा त्यांच्या यादीत येतच नाही. त्यापेक्षा खोलीत पूर्ण अंधार करून, टॉर्च डोळ्यांच्या पातळीवर धरून प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या कोनांतून सावकाश न्याहाळावी, कारण लेन्स कितीही बारीक असली तरी योग्य कोन साधला की तिचा ठिपका चमकतो. अंधारात चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे मोबाइलच्या, विशेषतः सेल्फीच्या, कॅमेऱ्यात पुष्कळदा दिसतात. आपला मोबाइल ते टिपतो का, हे आधी टीव्हीच्या रिमोटवर पाहून घ्यावे, कारण त्यातही बहुधा तसाच दिवा असतो. शिवाय असे उपकरण दिवसेंदिवस चालवायचे तर वीज लागते, म्हणून पलंगाकडे तोंड असलेले चार्जर आणि घड्याळ मुलीने सर्वप्रथम तपासावे. आरशामागे कॅमेरा आहे का, हे आरशावर नख टेकवून ओळखण्याची युक्ती मात्र भरवशाची नाही.

अ-४०४ : वकील या नात्याने एक भर घालते. काही सापडल्यास ते उपटून काढू नये, कारण त्यावरील ठसे आणि आतले कार्ड हाच पुरावा असतो. जागेवरच छायाचित्र घेऊन ११२ वर कळवावे. स्त्रीच्या खासगी क्षणांचे असे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा असून पहिल्या खेपेलाच १ ते ३ वर्षे कारावास आहे. हे कलम स्त्रियांपुरतेच असले, तरी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई कोणाच्याही खासगी अवयवांच्या चित्रणाला लागू होते, हे मुलग्यांच्या पालकांनीही ध्यानात ठेवावे.

ब-३०१ : विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. तिसऱ्या मजल्यावरील सोसायटीचा कॅमेरा उघडपणे लावलेला असला, तरी आमचे दार उघडले की थेट दिवाणखाना टिपतो. मी दोनदा तोंडी सांगितले आहे.

सचिव : काकू, तक्रार रास्त आहे. रविवारी सकाळी १० वाजता तंत्रज्ञ येईल. तुमच्यासमोरच कॅमेरा जिन्याकडे वळवू. डीव्हीआरचा (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा) पासवर्डही त्याच वेळी बदलू, कारण तो मागील वॉचमनलाही ठाऊक होता.