जुन्या मॅन्युअल लेन्ससाठी फोकसिंग स्क्रीन बदलावी का?

प्रश्न (शहादा): माझ्याकडे कॅनन ६डी असून ॲडाप्टर लावून मी त्यावर निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.४ लेन्स वापरतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे चेहरे जवळून टिपताना व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा रेखीव दिसतो, संगणकावर मात्र फोकस आयाळीवर गेलेला आढळतो. व्ह्यूफाइंडरमधील प्रतिमा जिच्यावर उमटते ती फोकसिंग स्क्रीन काढून स्प्लिट इमेजची (मधल्या वर्तुळात प्रतिमा दोन भागांत तुटलेली दिसते आणि फोकस बरोबर आला की जुळते, अशी) स्क्रीन बसवल्यास फरक पडेल का? दत्तजयंतीपूर्वी ठरवायचे आहे.

उत्तर (भुसावळ): दोष तुमच्या नजरेचा नसावा. ऑटोफोकस कॅमेऱ्यांतील स्क्रीन एफ/५.६ सारख्या मंद (कमी उजेड आत घेणाऱ्या) झूम लेन्समधूनही उजळ दिसावी अशी घडवलेली असते. त्यामुळे लेन्स एफ/१.४ वर पूर्ण उघडी असली, तरी डोळ्याला दिसणारी डेप्थ ऑफ फील्ड (रेखीव दिसणाऱ्या पट्ट्याची खोली) साधारण एफ/२.८ ची असते. एका मीटरवर तुमच्या लेन्सची खरी खोली जेमतेम ३ सेंटिमीटर आहे आणि व्ह्यूफाइंडर जवळजवळ दुप्पट दाखवतो, मग डोळा आणि आयाळ यांतला फरक तिथे कळावा कसा? ६डीमध्ये स्क्रीन बदलता येते, ही सोय ६डी मार्क टू मध्ये नाही. मी आधी कॅननचीच ईजी-एस ही मॅट स्क्रीन घेईन. ती एफ/२.८ किंवा त्याहून वेगवान लेन्ससाठी आहे, मंद झूमवर अंधारी वाटते. ती बसवल्यावर मेनूतील कस्टम फंक्शनमध्ये स्क्रीनचा प्रकार बदलणे आवश्यक आहे, कारण प्रकाशमापक स्क्रीनवरूनच उजेड मोजतो.

उत्तर (धुळे): मी मात्र स्प्लिट इमेजच्या बाजूचा आहे. लगामाची तुटलेली रेषा रिंग फिरवताच जुळते, तेव्हा मिळणारी खात्री नुसत्या मॅट पृष्ठभागावर मिळत नाही. अर्थात घोडा स्थिर उभा असला तरच. एफ/५.६ च्या आसपास मधल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडू लागतो, आणि साध्या ॲडाप्टरवर ॲपर्चर (लेन्सचे छिद्र) लहान करायला रिंग फिरवली की व्ह्यूफाइंडरही लगेच अंधारतो, तेव्हा फोकस उघड्या ॲपर्चरवर करून मगच रिंग फिरवावी. स्पॉट मीटरिंगवर (फक्त मधल्या छोट्या भागाचा उजेड मोजण्यावर) विसंबू नये. इतर कंपन्यांच्या स्क्रीनची मेनूत नोंद नसल्याने एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (छायाचित्राचा उजळपणा हाताने कमी-जास्त करून) जुळवून घ्यावे लागते.

याहून महत्त्वाची गोष्ट स्क्रीनच्या उंचीची. लेन्सपासून आरशामार्गे स्क्रीनपर्यंतचे अंतर सेन्सरपर्यंतच्या अंतराइतकेच असायला हवे. नसेल, तर कोणतीही महागडी स्क्रीन तितक्याच ठामपणे चुकीचा फोकस दाखवेल. ट्रायपॉडवर लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचे दृश्य) १० पट मोठा करून फोकस करा आणि रिंगला हात न लावता व्ह्यूफाइंडरमधून पाहा. रेषा जुळलेली नसेल, तर पातळ शिम (पट्टी) घालून किंवा काढून उंची सुधारावी लागते.

प्रश्नकर्ता: स्क्रीन घरी बसवता येईल का?

उत्तर (भुसावळ): येईल. लेन्स काढल्यावर समोरूनच स्क्रीनची चौकट उघडते. स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते, म्हणून सोबतच्या चिमट्याने केवळ कडेची जीभ धरावी आणि धूळ फक्त ब्लोअरने उडवावी. कापड किंवा द्रव अजिबात लावू नये. पंखा बंद ठेवा. राहिलेला एखादा कण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसेल, छायाचित्रात उतरणार नाही.

उत्तर (धुळे): जुनी स्क्रीन मात्र डबीत जपून ठेवा, झूम लेन्स लावाल तेव्हा तीच लागेल.