इंडीपॉपचे (नव्वदच्या दशकातल्या, सिनेमाबाहेरच्या पॉप गाण्यांचे) व्हिडिओ आठवतात का कुणाला?

रिळवाला: काल यूट्यूबवर लकी अलीचं 'ओ सनम' लागलं, १९९६ चं, ते पिरॅमिडवालं, आणि मग रात्री दोनपर्यंत तेच चालू. तुमचा आवडता व्हिडिओ कुठला?

चाळकरी: 'मेड इन इंडिया', विषय संपला. अलिशा राणी आणि मिलिंद सोमण चक्क लाकडी खोक्यातून निघतो :) आमच्याकडे केबल नव्हती, शेजारी जाऊन बघायचो, आणि तो आला की काकू बरोब्बर चॅनल बदलायच्या.

खारीबिस्कीट: फाल्गुनी पाठक!! बाई शर्टपॅन्टमध्ये मस्त गातायत आणि पुढे भलत्याच कुणाची लव्हस्टोरी. 'मैंने पायल है छनकाई'मध्ये तर कठपुतळ्या.

चाळकरी: मराठीत 'गारवा' अल्बम होता ना, मिलिंद इंगळे, शब्द सौमित्रचे. पण मला त्याची कॅसेटच आठवते.