मॅक्रो म्हशीच्या ओळी उडवतो, गायीच्या ठेवतो. असं का?

सचिव_दूधसंस्था

गावच्या दूध संस्थेचं काम बघतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून दर दहा दिवसांच्या बिलाची एक्सेल फाईल निघते. दीडशेच्या आसपास उत्पादक, दोन वेळचं दूध, म्हणजे तीन हजारांच्या वर ओळी. कॉलम असे: कोड, तारीख, वेळ, प्रकार, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. 'प्रकार'मध्ये गाय किंवा म्हैस असतं, आणि प्रत्येक उत्पादकाच्या शेवटी त्याच कॉलममध्ये 'एकूण' लिहिलेली बेरजेची ओळ. बँकेच्या फॉरमॅटसाठी या 'एकूण'च्या ओळी काढायच्या असतात. हाताने करायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

पुतण्याने मॅक्रो (एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा छोटा प्रोग्राम) लिहून दिला: ओळीतल्या प्रकारात 'एकूण' सापडलं की ओळ डिलीट. त्याने लाइक (नमुन्याशी मजकूर जुळवणारा शब्द) वापरलंय, 'एकूण'च्या दोन्ही बाजूंना चांदणी. 'एकूण' पेस्ट केल्यावर कोडमध्ये चार प्रश्नचिन्हं दिसली. तो म्हणाला, दिसत नसलं तरी आतून कळतं. चालवलं तर एकूण गेलं, पण सगळ्या म्हशीही गेल्या! गायी बहुतेक शाबूत, मधल्याच काही गायब. परत आणायला गेलो तर अन्डू चालेना. मूळ फाईल वेगळी होती म्हणून वाचलो. पुतण्या परीक्षेत आहे, त्याला विचारायची सोय नाही.

ताळेबंद

म्हशींशी वैर नाही हो त्याचं. मोबाइलवरून लिहितोय, कोडसुद्धा देवनागरीत टाकतो, समजून घ्या.

मॅक्रो ज्या भाषेत लिहितात त्या व्हीबीएच्या एडिटरला देवनागरी कळत नाही. पेस्ट केलं की प्रत्येक अक्षरचिन्हाचं खरोखरच प्रश्नचिन्ह होतं, आत काही शिल्लक राहत नाही. आणि लाइकमध्ये प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कुठलंही एक चिन्ह', चांदणीचा 'कितीही चिन्हं'. म्हणजे तुमचा मॅक्रो म्हणतोय, चार किंवा जास्त चिन्हं असलेली ओळ उडव. आता मोजा. एक्सेल काना-मात्रा वेगळ्या धरतं. 'गाय' म्हणजे ग, काना, य, तीन. वाचली. 'म्हैस' म्हणजे म, हलन्त, ह, दोन मात्रांचं एकच चिन्ह, स, पाच. गेली. ज्या गायी गेल्या त्यांच्या पुढे एक स्पेस असणार, तीनाची चार झाली. शंका असेल तर शेजारच्या सेलमध्ये चिन्हं मोजणारा लेन फॉर्म्युला लावून बघा.

उपाय सोपा. 'यादी' नावाची शीट करा, तिच्या ए1 सेलमध्ये 'एकूण' टाइप करा आणि मॅक्रोला शब्द तिथून वाचायला लावा. कोडमध्ये मराठी लिहायचीच नाही (ट्रिम पुढच्या-मागच्या स्पेस काढतं):

शब्द = ट्रिम(यादीचा ए1)
फॉर आय = शेवटचीओळ टू 2 स्टेप -1
इफ ट्रिम(सेल्स(आय, 4)) = शब्द देन रोज(आय).डिलीट
नेक्स्ट

खालून वर जाणं महत्त्वाचं. वरून खाली गेलात तर ओळ उडाली की खालची तिच्या जागी सरकते आणि तपासायची राहून जाते. आय हा लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) ठेवा. इंटिजर 32,767 च्या वर ओव्हरफ्लो होतो. वर्षभराच्या ओळी एका फाईलीत घेतल्या की तिथे अडकाल.

निळी_शाई

यादी शीट नको असेल तर आकड्यावरून अक्षर देणाऱ्या सीएचआरडब्ल्यू फंक्शनने 2319, 2325, 2370, 2339 हे चार आकडे जोडा, 'एकूण' तयार होतं. पण सहा महिन्यांनी ते आकडे कशाचे हे कोणालाही आठवणार नाही, म्हणून मीही सेलमधूनच वाचतो.

त्याआधी एक बघा. प्रकार कॉलमचा फॉन्ट बदलून एरियल करा. मराठी तशीच राहिली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाईल जुन्या फॉन्टमधली आहे, मग 'एकूण' टाइप करून कधीच जुळणार नाही. तिथलंच सेल कॉपी करून यादीत पेस्ट करा.

ताळेबंद

बरोबर. आणि सचिवसाहेब, ओळी उडवायच्या आधी त्या 'एकूण'चा उपयोग करून घ्या. प्रकारात 'एकूण' असलेल्या रकमांची समइफने बेरीज करा, उरलेल्या ओळींची वेगळी. दोन्ही जुळल्या तरच डिलीट. बेरजेच्या ओळी आयत्या मिळाल्यात, त्या न तपासता फेकणं मला तरी पटत नाही. मॅक्रो मूळ शीटवर चालवू नका, कॉपीवर चालवा. मॅक्रोनंतर कंट्रोल झेड मिळत नाही हे तुम्ही बघितलंच.

सचिव_दूधसंस्था

चाललं! म्हशी जागेवर. लेन लावून बघितलं, गायब गायींच्या पुढे स्पेसच होती. फॉन्ट बदलून बघितला, मराठी तशीच राहिली.

पण बेरीज पहिल्यांदा जुळली नाही. शोधल्यावर कळलं, जुन्या ऑपरेटरने काही ठिकाणी हाताने 'एकुण' असं ऱ्हस्व टाइप केलंय, ते मॅक्रोने ठेवलं. यादीत ए2 मध्ये तेही लिहिलं, पण मॅक्रो ए1च वाचतो. काय बदलू? आणि हे बटणावर कसं आणायचं?

निळी_शाई

इफच्या ओळीत 'ऑर' घालून ए2शीही तुलना करा. ए2 कधी रिकामा ठेवू नका, नाहीतर प्रकार रिकामा असलेल्या ओळीही उडतील. बटणासाठी डेव्हलपर टॅब, इन्सर्ट, बटण, मग मॅक्रोचं नाव निवडा. फाईल एक्सएलएसएम म्हणून सेव्ह करा, साध्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही.